मध्यंतरातला दम

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात पहिला अंक संपला की अर्धं प्रेक्षागृह बटाटेवड्याकडे धावतं. मराठी माणसाला ‘इंटरव्हल’ हा शब्द असा ठाऊक आहे: खेळ थांबतो ती वेळ. गेल्या महिन्यात एका तरुण प्रशिक्षकाने आमच्या बॉक्सिंगच्या मुलांपुढे इंटरव्हल ट्रेनिंगवर तासभर व्याख्यान दिलं. वीस सेकंद जीव तोडून काय काय करायचं याची त्यात भली मोठी जंत्री होती. थांबायचं कसं आणि थांबल्यावर शरीरात काय घडतं, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मिनी सीशोरवर, जिथे एरवी सात-आठ पोरं जमतात, तिथे दोघंच आली. तिसऱ्याला फोन लावला तर झोपेतच म्हणाला, “सर, लांब पळून बॉक्सर स्लो होतो. ते सर म्हणाले ना काल.”

‘ते सर’ हुशार आहेत आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, म्हणून आधी ते नीट मांडतो. ठोसा म्हणजे स्फोट. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो आणि त्याला प्राणवायूची वाट पाहावी लागत नाही. मग तासभर रमतगमत पळून स्फोट कसा शिकणार? जपानच्या ताबातांनी दाखवलंय की चार मिनिटांचा मारा तासभराच्या व्यायामाला भारी पडतो. शिवाय लांब पळण्याने ताकद घटते, वेगाचे स्नायू मंदावतात. आणि वाशीहून रोज सव्वाआठची लोकल धरून सीएसएमटी गाठणाऱ्या पोराला पहाटे तास काढायला सांगणं हा अन्याय आहे. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात खरा, आणि तोच त्यांनी सगळ्यात घाईत उरकला. त्याकडे मी शेवटी येतो.

आधी घड्याळ पाहू. हौशी मुष्टियुद्धात आज तीन फेऱ्या असतात, प्रत्येकी तीन मिनिटांच्या, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. नऊ आणि दोन, एकूण अकरा मिनिटं. २०१२ साली लंडनला मेरी कोमने कांस्यपदक घेतलं तेव्हा महिलांच्या चार फेऱ्या असत, दोन-दोन मिनिटांच्या. आठ आणि तीन, तेही अकराच. टोकियोत लवलिना बोर्गोहेन खेळली ती तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांत. म्हणजे एकूण वेळ तेवढाच राहिला. लढायचं एक मिनिट वाढलं आणि स्टुलावर बसायचं एक मिनिट गेलं. ज्याला हा फरक किरकोळ वाटतो त्याने बॅगवर आधी दोन मिनिटं आणि मग तीन मिनिटं मारून पाहावं. तिसऱ्या मिनिटात कोपर बरगड्यांपासून सुटतं, गार्ड हनुवटीखाली घसरतो, पाय जमिनीला चिकटतात. समोरच्याला काही करावंच लागत नाही, उघडं पडलेलं तोंड आयतंच मिळतं.

या अकरा मिनिटांत ऊर्जा येते कुठून, याचं मोजमाप झालेलं आहे. डेव्हिस, लाइटहॉयझर आणि बेनेके या संशोधकांनी २०१४ साली दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांच्या, मर्यादित संपर्काच्या लढतींचा हिशेब प्रसिद्ध केला. सुमारे ७७ टक्के ऊर्जा प्राणवायूच्या मार्गाने, १९ टक्के स्नायूत साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून आणि लॅक्टिक मार्गाने जेमतेम ४ टक्के. पूर्ण ताकदीच्या लढतीत हे आकडे हलतील, लॅक्टिकचा वाटा वाढेल, हे मला मान्य आहे. पण ते उलटेपालटे होतील असं समजायला काही आधार नाही.

यावर ते सर म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, की लढत जिंकून देणारा ठोसा त्या १९ टक्क्यांतून येतो. अगदी खरं. क्रिएटिन फॉस्फेट हा स्नायूचा गल्ला. रोख तिथूनच निघते, ताबडतोब, उधारीशिवाय. पण पूर्ण जोर लावला तर हा गल्ला दहाएक सेकंदांत तळाला जातो. पुढचा प्रश्न तो परत भरतो कसा. १९७०च्या दशकात यावर एक साधा आणि थोडा क्रूर प्रयोग झाला: मांडीचा स्नायू थकवायचा आणि लगेच पट्टा आवळून त्याचं रक्त रोखायचं. रक्त बंद, तर भरणंही बंद. पट्टा सोडला की पुन्हा सुरू. म्हणजे स्फोटाला प्राणवायू लागत नसेल, पण पुढच्या स्फोटाची तयारी प्राणवायूशिवाय होतच नाही. पहिला ठोसा प्रत्येकाकडे असतो. चाळिसावा कुणाकडे उरतो, हे ठोसे मारून झाल्यावर मधल्या क्षणांत हृदय, रक्तवाहिन्या आणि पेशींमधल्या तंतुकणिका काय करतात त्यावर ठरतं. व्याख्यानात ठोशावर पन्नास मिनिटं खर्ची पडली आणि मधल्या क्षणांवर शून्य, ही माझी पहिली तक्रार.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाचे वडील एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत. त्यांना मी एकदा काम करताना पाहिलं. पाठीवर गोणी घेतली की पावलं झपझप, जवळजवळ पळत, ट्रकपासून गाळ्यापर्यंत. गोणी टाकली की परतताना खांदे सैल, हात मोकळे, श्वास नाकाने. असं तासन् तास. एखादा नवखा पोरगा परततानाही पळून दाखवतो आणि दुपारपर्यंत ट्रकच्या सावलीत बसतो. मी त्या गृहस्थांना इंटरव्हल आणि एंड्युरन्समध्ये काय निवडाल असं विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं असतं.

आता ताबाता. या बिचाऱ्या माणसाच्या नावावर जगभर जेवढा घाम गाळला जातो, त्यातला फारच थोडा त्यांनी सांगितलेला आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुळात स्पीड स्केटिंगच्या प्रशिक्षकाची, इरिसावा यांची, पद्धत तपासली होती. वीस सेकंद जोर, दहा सेकंद थांबा, असे सात-आठ फेरे, एर्गोमीटर सायकलवर. जोर किती, तर प्राणवायू घेण्याच्या कमाल क्षमतेच्या १७० टक्के. सातव्या-आठव्या फेऱ्याला तरण्याबांड मुलांचेही पाय थांबत. सहा आठवड्यांनी या गटाची प्राणवायू-क्षमताही वाढली आणि विनाप्राणवायू क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. आठवड्यातले पाच दिवस तासभर मध्यम गतीने सायकल मारणाऱ्या गटाची पहिली वाढली, दुसरी हलली नाही. इथपर्यंत ते सर अचूक आहेत. पण त्याच निबंधात पुढे लिहिलंय की जोरकस गटाचे हे फेरे आठवड्यातून चार दिवस होते आणि पाचव्या दिवशी ती मुलं आधी अर्धा तास एकसंध, मध्यम गतीने सायकल चालवत, मग थोडे फेरे करत. ज्या अभ्यासाच्या जोरावर एकसंध व्यायाम रद्दबातल ठरवला जातो, त्या अभ्यासातल्या विजेत्या गटालाही तो आठवड्यातून एकदा होताच. हे कुणी सांगत नाही. आणि ‘पंचेचाळीस मिनिटांचा ताबाता क्लास’ अशी पाटी जिथे दिसेल तिथे एवढंच लक्षात घ्या की १७० टक्क्यांवर पंचेचाळीस मिनिटं माणूसच काय, घोडाही टिकणार नाही. तिथे जे चालतं ते मध्यम व्यायामाला लावलेलं मोठ्या आवाजाचं संगीत.

इंटरव्हल या शब्दाची जन्मकथाही इथे सांगायला हवी. १९३०च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक गेर्शलर आणि हृदयरोगतज्ज्ञ राइंडेल यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध बांधली. खेळाडूने छोटं अंतर वेगात पळायचं, नाडी १८०च्या आसपास न्यायची, मग थांबायचं. नाडी १२०वर उतरली की पुढचा फेरा. दीड मिनिटात उतरली नाही, तर काम जास्त झालं, आजचा दिवस आवरा. त्यांच्या मते हृदय घडत होतं ते त्या थांबण्यात. म्हणून पद्धतीला नाव पळण्यावरून पडलं नाही, मधल्या विश्रांतीवरून पडलं. आपल्या नाट्यगृहातल्यासारखंच. गेर्शलरच्या हाताखालच्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ साली मिलानमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून विश्वविक्रम केला. आता दुसरं टोक: न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने पीटर स्नेलला आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, डोंगररस्त्यांवर पळवलं, आणि वेगाचं काम हंगाम जवळ आल्यावर त्यावर चढवलं. स्नेलने १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं ते कशात? मॅरेथॉनमध्ये नव्हे. ८०० मीटरमध्ये, जी शर्यत दोन मिनिटांच्या आत संपते, म्हणजे बॉक्सिंगच्या एका फेरीपेक्षाही लवकर. लांब पळून माणूस मंद होतो हा नियम असता, तर स्नेल प्राथमिक फेरीतच घरी गेला असता.

मंद होण्याच्या या आरोपामागे एक खराखुरा अभ्यास आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. १९८० साली हिक्सनने दाखवलं की ताकदीचा आणि दमाचा व्यायाम एकत्र केला तर सात आठवडे ताकद वाढते, मग थबकते, नवव्या-दहाव्या आठवड्यात उतरू लागते. हे नेहमी संथ पळण्याविरुद्ध पुरावा म्हणून फेकलं जातं. पण हिक्सनच्या मुलांनी दमासाठी केलं काय? आठवड्यातून तीन दिवस सायकलवर पाच-पाच मिनिटांचे सहा कडक इंटरव्हल, जवळजवळ कमाल क्षमतेवर, आणि उरलेले तीन दिवस तीस-चाळीस मिनिटं जमेल तितकं जोरात पळणं. वर पाच दिवस वजनं. ताकद मारली ती या सततच्या कडकपणाने, आणि त्यात अर्धा वाटा इंटरव्हलचाच होता. गप्पा मारत केलेल्या पस्तीस मिनिटांच्या धावण्यावर हा गुन्हा लादता येत नाही.

ज्या अभ्यासाने माझी पंचाईत होते, तो त्या सरांनी सांगितलाच नाही, मीच सांगतो. २००७ साली नॉर्वेत हेल्गेरूड आणि सहकाऱ्यांनी बऱ्यापैकी तयारीच्या चाळीस तरुणांचे चार गट केले आणि आठ आठवडे सगळ्यांना सारखंच एकूण काम दिलं. संथ पळणाऱ्यांची कमाल प्राणवायू-क्षमता फारशी हलली नाही. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हलकं, असे चार फेरे करणाऱ्यांची सात टक्क्यांहून थोडी जास्त वाढली. संथ धावण्याच्या कैवाऱ्यांनी हे गिळायलाच हवं आणि मी गिळलं आहे. आमच्या आठवड्याच्या आखणीत हे चार बाय चार तेव्हापासून आहेत. पण बघा, हा इंटरव्हल कसला आहे. चार मिनिटांचा. वीस सेकंदांचा झटका नव्हे. मधल्या तीन मिनिटांतही मुलं थांबली नव्हती, हलकं पळत होती. म्हणजे इंटरव्हलच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा दमाच्या लांब इंटरव्हलचा आहे, आणि तो बॉक्सिंगच्या फेरीला वीस सेकंदांच्या झटक्यापेक्षा कितीतरी जवळचा आहे. शिवाय आठ आठवड्यांचा प्रयोग दोन वर्षांच्या घडणीबद्दल फार बोलत नाही. आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त वेळा असं कडक काम अंगावर घेतलं की स्पॅरिंगला उरतं काय? रिंगमध्ये शिकायचं असतं, तिथे थकून चढलेला पोरगा फक्त मार खायला शिकतो.

आता थोडं आमच्या पिढीच्या वस्तादांविषयी, नाहीतर म्हातारे मला आपल्यातला समजून टाळ्या वाजवतील. रोज पहाटे दहा किलोमीटर, तोच रस्ता, तीच गती, ना संथ ना जोरात, बारा महिने: हे आम्हाला शिकवलं गेलं आणि आम्ही पुढे ढकललं. ही गती सगळ्यात वाईट. थकवा पुरेपूर आणि कमाई अर्धी. ती आली कुठून हेही उघड आहे. व्यावसायिक लढती पंधरा फेऱ्यांच्या असत. विश्रांती धरून एकोणसाठ मिनिटं. १९८२ साली रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम दुक-कू दगावला, आणि त्यानंतर फेऱ्या बारावर आल्या. आमच्या पोरांची लढत अकरा मिनिटांची, आणि पळणं अजून त्या तासाच्या हिशेबाचं. त्यावर प्लास्टिकचं जॅकेट घालून पळायची खोड. वाशीच्या मे महिन्यातल्या दमट हवेत रेनकोट घालून पळालं की काट्यावर किलो-दीड किलो कमी दिसतं, ते सगळं पाणी. पाणी प्यायलं की परत येतं, आणि दम वाढल्याचा भास तेवढा मागे राहतो.

सगळ्यांना एकच आकडा देणं हीसुद्धा जुनीच चूक. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली पोलंडमध्ये युवा जगज्जेती झाली ती ८१ किलोवरील गटात. पुण्याची देविका घोरपडे २०२२ साली स्पेनमध्ये झाली ती ५२ किलोत. त्यांची तयारी कशी झाली हा त्यांचा आणि त्यांच्या प्रशिक्षकांचा विषय. पण या दोन वजनांतल्या मुली माझ्यासमोर उभ्या राहिल्या तर दोघींना डांबरावर सारखेच किलोमीटर सांगायला माझी जीभ रेटणार नाही. भारी अंगाच्या मुलाला मी सायकल देतो, पोहायला पाठवतो, नाहीतर चाळीस मिनिटं हलकी शॅडो आणि दोरी करायला लावतो. हृदयाला पाय कशावर पडतायत याच्याशी देणंघेणं नसतं, गुडघ्यांना असतं.

राहता राहिला वेळ. ज्याला लढायचं नाही, आठवड्यात तीन वेळा पाऊण तास मिळतो, वजन आटोक्यात आणि अंगात तरतरी हवी, त्याने ते सर सांगतात तसंच करावं, फक्त वीस सेकंदांच्या झटक्यांऐवजी तीन-चार मिनिटांचे फेरे घ्यावेत. इथे आमचं भांडण नाही. पण ज्याचं नाव जिल्हा स्पर्धेला जाणार आहे आणि हातात बारा आठवडे आहेत, त्याला मी पहिले सहा आठवडे तीन संथ धावा देतो, पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या, आणि एकच कडक दिवस. नंतरचे पाच आठवडे पारडं फिरतं: दोन कडक दिवस, त्यातला एक तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांचा आणि एक छोट्या झटक्यांचा, एकच संथ धाव. हो, वीस सेकंदांचे झटकेसुद्धा. त्यांची जागा इथे आहे, खाली पाया भरल्यावर. शेवटच्या आठवड्यात हात आखडता. हे आकडे कुठल्या प्रयोगशाळेतले नाहीत. पोरांना पडताना आणि उभं राहताना पाहून बसवलेले आहेत, उद्या बदलतील.

संथ म्हणजे किती संथ, यावर पोरं दरवेळी फसतात. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढी साधी खूण. ऑक्टोबरात खाडीवरून येणारी हवा अंगाला चिकटते, घाम सुकत नाही, रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच गतीला नाडी दहा-पंधरा ठोके वर जाते. मग गती कमी करायची, घड्याळातल्या किलोमीटरकडे बघायचं नाही. नाकं मुरडतात. मॉर्निंग वॉकवाल्या काकूंनी मागे टाकलं म्हणून एका पठ्ठ्याने आठवडाभर तोंड दाखवलं नव्हतं. तोच आता तीन फेऱ्यांनंतर मिनिटभरात नाडी चाळीस ठोक्यांनी खाली आणतो. मराठीत यालाच दमसास म्हणतात, आणि तो शब्द गवयालाही लावतात. तान घेण्याइतकंच तिच्याआधी भरलेला श्वास महत्त्वाचा हे त्यांना कुणी शास्त्रज्ञाने सांगितलं नव्हतं.

तर त्या सरांना माझं एक आमंत्रण आहे, रागाने नाही. तुमच्याकडचा एक पोरगा आणा, तीन महिने फक्त झटक्यांवर घडवलेला. वजनात तोलामोलाचा माझा एक येईल. दोघांना शेजारशेजारच्या बॅगवर तीन मिनिटांच्या सहा फेऱ्या द्यायच्या, मध्ये एकेक मिनिट. ठोसे मोजायला दोन्ही बाजूंची माणसं. पहिल्या फेरीत तुमचा पुढे असेल, ते मी आत्ताच लिहून देतो. आपण सहावीतलं तिसरं मिनिट मोजू. रविवार सकाळ, साडेसहा. वड्याचे पैसे माझ्याकडे.